कोर्ट आणि खेळ

एका गावात नाटकाच्या प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ जावा म्हणून लुटुपुटीचा खटला मांडतात. सुरुवात थट्टेने होते आणि बघता बघता त्यांच्यातलीच एक शिक्षिका खरोखरची आरोपी होऊन बसते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली ही लीला बेणारे १९६७ साली सुलभा देशपांडे यांनी उभी केली. खेळाच्या आडून माणसाला किती सहज घेरता येतं, हे त्यांनी प्रत्येक प्रयोगात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून अनुभवलं.

सुलभाताई स्वतःही शिक्षिकाच. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिकवत, आणि मुलांसाठी नाटकं लिहा म्हणून त्यांनी तेंडुलकरांनाच गळ घातली होती. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली. पुढे याच संस्थेची ‘चंद्रशाला’ ही शाखा मुलांसाठी उभी राहिली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिथलं गाजलेलं नृत्यनाट्य. रंगभूमीवर नाव झालेली ही अभिनेत्री तालमीत मुलांच्या गोतावळ्यात रमली. खेळ तोच होता, पण इथे कुणी आरोपी नव्हतं.

पुढे ठाण्यातही नाटककार रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, तेव्हा वस्तीतली मुलं स्वतःच्याच घरादारातली नाटकं घेऊन उभी राहिली. तोवर त्यांच्याबद्दल दुसरेच बोलत होते.

आपल्या नगर जिल्ह्यात वंचित मुलांचा हा विषय दूरचा नाही. दिवाळी सरली की पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात, त्यांच्याबरोबर शाळेचं दप्तरही कोप्यांवर जातं आणि पुष्कळदा तिथेच बंद पडतं. ‘स्नेहालय’ ही संस्था १९८९ पासून लालबत्ती वस्तीतल्या मुलांसाठी झटतं आहे. अशा पोराला आपण काय विचारतो? ‘कुठला रे तू? बाप काय करतो?’ प्रश्न साधे वाटतात, पण त्यांना वास उलटतपासणीचा असतो. उत्तर यायच्या आत निकाल लागलेला असतो: वाया गेलेलं पोर.

नाटक या मुलाला पोट भरायला देत नाही आणि त्याचं घरही बदलत नाही. तालमीत मात्र त्याला आज राजा, उद्या चोर, परवा न्यायाधीश होता येतं. चोराचं काम संपलं की चोर राहत नाही, हे त्याला अंगाने कळतं. एकच भूमिका जन्मभर वठवायची सक्ती नसते, ही समज फार मोठी आहे.

आपल्या नगरला नाटकाचं वेड आहे. महाकरंडक स्पर्धेच्या एकांकिकांना खुर्च्या अपुऱ्या पडतात. त्यातली एखादी खुर्ची उचलून आपण त्या मुलांच्या तालमीत जाऊन बसू शकतो. फक्त तिथे न्यायाधीश म्हणून बसायचं नाही. प्रेक्षक म्हणून बसायचं, आणि प्रयोग संपेपर्यंत निकाल द्यायचा नाही.