विहिरीवरची दुपार



उपवासकाळाच्या या तिसऱ्या रविवारी आपण शुभवर्तमानात ऐकतो, की भर दुपारी थकलेले प्रभू येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसले आणि त्यांनी एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचे पाणी पीत नसत. प्रभूने ते मागून घेतले.

लातूर-नांदेडच्या माणसाला तहान समजावून सांगावी लागत नाही. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले. 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. त्या उन्हाळ्यात पाण्याअभावी काही दवाखान्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याच्या बातम्या होत्या. शेतातला दुष्काळ रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचला होता. उलट 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पुराने माणसे दगावली. हवा एका अंशाने तापली, की सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरते आणि मग पाऊस एकदम कोसळतो. दुष्काळात पाणी नाही, पुरात ते दूषित. गॅस्ट्रो आणि कावीळ दोन्ही वाटांनी घरात शिरतात.

“फादर, हा देवाचा कोप का?” असे मला विचारतात. शिलोहाचा बुरूज कोसळून माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती, हे प्रभूने मानले नाही. ऐकणाऱ्यांना मात्र त्यांनी पश्चात्ताप करायला सांगितले. पोप फ्रान्सिस यांनीही 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सृष्टीविषयी आपले मन पालटण्यास सांगितले. धूर सोडणारे सावलीत बसतात आणि रस्त्यावर खडी टाकणारा उन्हात पडतो, यात दोष देवाचा नाही.

पश्चात्ताप कृतीत दिसला पाहिजे. कामावर शौचालय नाही म्हणून आपल्या भगिनी दिवसभर पाणी टाळतात आणि मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात. मुकादमाशी त्याबद्दल बोला. उन्हात कोणी बरळू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंग ओले करा, 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका.

आजपासून चर्चच्या फाटकापाशी दोन रांजण भरलेले राहतील. रोज एका कुटुंबाने पाळी घ्यावी. पिणाऱ्याची जात किंवा धर्म कोणीही विचारू नये. त्या दुपारी विहिरीवर प्रभूने विचारला नव्हता.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू