राक्षसाची कीव

बलिप्रतिपदेला आमच्या रोहा-पेणच्या भातशेतीच्या मुलखात ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हटले जाते. बळी असुरच, पण लोकांनी त्याचे दातृत्व पाहिले.

परंतु ज्याच्या ठायी कोणताही सद्गुण दिसत नाही, त्याचे काय? ‘डॉक्टर हू’ या इंग्रजी कालप्रवास-मालिकेतील ‘ज्युबिली’ (२००३) हे श्राव्य नाटक हाच प्रश्न विचारते. त्यातील कल्पित इतिहासात १९०३ साली डॅलेक नावाच्या परग्रहवासी संहारकांचा पराभव झाला आहे. शंभर वर्षांनंतर उरलेला एकमेव डॅलेक लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसत आहे. एव्हलिन या इतिहासाच्या प्राध्यापिकेला त्याची दया येते. विजयोत्सव साजरा करणारे लोक मात्र डॅलेकांइतकेच निर्दय झाले आहेत.

दया म्हणजे अपराधाला माफी नव्हे. माणसांवर प्रेम आणि दुर्गुणांचा तिरस्कार, असा विवेक संत ऑगस्टीन यांनी शिकविला. तो सुटला की तिरस्कार माणसावरच उलटतो व तिरस्कार करणाराही राक्षस होतो. शत्रूवर प्रीती करण्याची प्रभू येशूची आज्ञा शत्रूला तर वाचवतेच, पण त्याआधी आपल्याला वाचवते.