सवडीचा प्रवास आणि सोबतीचा धर्म

यात्रा हा शब्द पूर्वी उच्चारला जाई तेव्हा त्यात काळ गृहीतच धरलेला असे. काशीयात्रेस निघणारा गृहस्थ परतीची तिथी सांगून निघत नसे. गाव वेशीपर्यंत निरोप द्यायला येई, आणि मनुष्य परत आला तर मावंदे घातले जाई. आगगाडी आली, पुढे विमान आले, आणि तीर्थाचे अंतर दिवसांवरून तासांवर आले. ही सोय वाईट म्हणता येणार नाही. वृद्ध व अपंग भाविकांना जे दर्शन एके काळी दुर्लभ होते ते आज सुलभ झाले आहे. परंतु गेल्या काही वर्षांत याच्या अगदी उलट असाही एक प्रवाह दिसू लागला आहे. निवृत्त दांपत्ये, जुन्या मित्रांचे गट, क्वचित लहान मुलांना सोबत घेतलेली कुटुंबे कित्येक महिन्यांची सवड काढतात आणि नेपाळ, श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, इंडोनेशिया असे आशियातील देश सावकाश पाहत फिरतात. बाराव्या शतकात श्रीविष्णूसाठी उभारलेले अंगकोर वाट किंवा जावा बेटावरील प्रम्बनन येथील नवव्या शतकातील शिवालय दोन तासांत उरकण्याऐवजी तेथे आठवडाभर मुक्काम करतात.

अशा मंडळींविषयी आप्तेष्टांत एक कुजबुज हमखास असते. घरी कामे पडली आहेत, कोणी आजारी आहे, कोणाचे शिक्षण चालू आहे आणि हे मात्र निवांत फिरत आहेत, ही चैन नव्हे काय? प्रश्न टाकाऊ नाही. धर्मशास्त्रानेही ऋण व कर्तव्य यांचा विचार तीर्थयात्रेच्या अगोदर केला आहे. मात्र या प्रश्नात एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते. ती अशी की, सवड ही ज्याची त्याने स्वतःसाठी खर्च करावयाची वस्तू आहे. सोबत घेऊन केलेल्या दीर्घ प्रवासांच्या जुन्या हकिकती पाहिल्या तर ही समजूत टिकत नाही.

यांपैकी सर्वांत बोलकी हकिकत चिनी भिक्षू फाहियान याची आहे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचे, म्हणजे विनयाचे, ग्रंथ चीनमध्ये अपुरे होते. ते मिळविण्यासाठी इसवी सन ३९९ मध्ये, साठीच्या आसपास असलेला हा भिक्षू चार सोबत्यांसह चांगआन नगरीतून निघाला. वाटेत आणखी काही भिक्षू येऊन मिळाले. वाळवंट ओलांडताना वाटेची खूण म्हणून मृतांच्या अस्थींखेरीज काही नव्हते, असे त्याने लिहून ठेवले आहे. असा बिकट प्रवास करणारी ही मंडळी घाईत असतील असे वाटते. प्रत्यक्षात ती थांबत थांबत चालली होती. पावसाळ्याच्या दिवसांत नियमाप्रमाणे वर्षावास, कोठे दोन महिने, कोठे तीन. मध्य भारतात पोहोचायला सहा वर्षे लागली, तेथे सहा वर्षे गेली, आणि परतीला तीन.

खोतान येथील मुक्काम विशेष पाहण्यासारखा आहे. हे नगर आज चीनच्या पश्चिमेकडील शिंजियांग प्रांतात आहे. तेथे मूर्तींच्या रथयात्रेचा मोठा उत्सव होत असे. रथ वेशीजवळ आला की राजा मुकुट उतरवून, अनवाणी, हाती फुले घेऊन सामोरा जाई. पुरीची रथयात्रा पाहिलेल्या भाविकाला हे वर्णन परके वाटणार नाही. हा उत्सव पाहावा म्हणून फाहियान व काही सोबती तीन महिने थांबले. हुइजिंग, दाओझेंग आणि आणखी एक भिक्षू मात्र पुढे निघून गेले. यावरून वाद झाल्याची नोंद नाही. पुढे गेलेले आणि मागे राहिलेले पर्वतांतील एका नगरात पुन्हा भेटले. इतर काहीजण शिधासामग्रीसाठी मागे फिरले होते, एक जण निराळ्याच देशाच्या वाटेला लागला होता. कोणाबद्दलही फाहियान कडवट शब्द लिहीत नाही. सोबत म्हणजे बेडी, अशी त्याची समजूत दिसत नाही.

पण नगरहार येथे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील जलालाबादजवळ, वेगळा प्रसंग उभा राहिला. पुन्हा एकदा तिघे पुढे गेले होते, आणि तेथे हुइजिंग आजारी पडला. तेव्हा दाओझेंग त्याच्या शुश्रूषेसाठी थांबला. फाहियानच्या ग्रंथात याला एका ओळीहून अधिक जागा नाही. किती दिवस थांबला, काय औषधपाणी केले, काहीही सांगितलेले नाही. परक्या मुलखात, भाषा अपुरी, हिवाळा तोंडावर, आणि ज्यासाठी घर सोडले ते तीर्थ अजून शेकडो कोस दूर. अशा वेळी दाओझेंगला थांबता आले, याचे एक साधे कारण असे की त्याला अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहोचायचे नव्हते. परतीची तारीख ठरलेली असती तर तोच सज्जन मनुष्य कोणाच्या तरी हाती रुग्णाला सोपवून हळहळत पुढे गेला असता. घाईत असलेला मनुष्य दुष्ट असतो असे नाही. त्याच्याजवळ द्यायला काही उरलेले नसते, एवढेच.

मंडळी पुढे पेशावरात, म्हणजे तत्कालीन पुरुषपुरात, पांगली. काही तेथूनच मायदेशी परतले, एकाचे तेथे निधन झाले. फाहियान, दाओझेंग आणि हुइजिंग असे तिघे उरले. हिवाळ्यानंतर ते दक्षिणेकडील बर्फाचा डोंगर ओलांडू लागले. थंड वाऱ्याने हुइजिंगचे प्राण कंठाशी आले. आपण आता वाचत नाही, तुम्ही थांबलात तर सगळेच मराल, निघा, असे त्याने निक्षून सांगितले. त्याने तेथेच देह ठेवला. त्याच्या अंगावर हात फिरवीत फाहियान मोठ्याने रडला आणि मग ते दोघे उठून डोंगर चढून गेले. थांबणे धर्म होते तसे उठणेही धर्मच होते, आणि उठण्याची परवानगी रुग्णाने स्वतः दिली होती.

येथे महाभारताचे स्मरण होते. वनपर्वात लोमश ऋषींच्या सोबतीने पांडवांची तीर्थयात्रा वर्णिलेली आहे. अर्जुन अस्त्रप्राप्तीसाठी दूर गेलेला, बाकीचे वनवासात, तेव्हा सवड भरपूर होती. निघताना लोमशांनी परिवार हलका करण्यास सांगितले आणि तहान, भूक, श्रम सोसवणार नाहीत त्यांना युधिष्ठिराने मानाने परत पाठविले. पुढे गंधमादन पर्वताची वाट आली तेव्हा त्याला वाटले की द्रौपदीला व सहदेवाला भीमाच्या हवाली करून खाली ठेवावे आणि आपण नकुल व लोमशांसह वर जाऊन यावे. व्यवहाराला धरून असाच हा बेत होता. भीमाने तो मानला नाही. द्रौपदीलाही अर्जुनाला भेटण्याची ओढ आहे, वाट अवघड होईल तेथे तिला उचलून नेईन, असे तो म्हणाला. पुढे वादळ-पावसानंतर द्रौपदी थकून कोसळली. नकुलाने तिला सावरले, नकुल-सहदेवांनी तिचे पाय चेपले, आणि भीमपुत्र घटोत्कचाला बोलावून तिला खांद्यावरून नेण्यात आले. पाय चेपीत बसलेले राजपुत्र हे चित्र कीर्तनकारांनी अधिक रंगवायला हवे होते.

याच कुटुंबाची दुसरी यात्रा महाप्रस्थानिक पर्वात आहे आणि ती याच्या अगदी उलट आहे. द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, अखेर भीम पडला. युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगतो आणि मागे न पाहता चालत राहतो. ही यात्रा देहत्यागासाठीच होती, तेथे थांबण्याला अर्थ नव्हता, असे समाधान टीकाकार देतात आणि ते चुकीचे नाही. तरीही ते पुरे पडत नाही, हे महाभारतकारांनाच ठाऊक असावे. कारण मागे न पाहणारा हाच राजा सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात बसायला नकार देतो. आणि पुढे स्वर्गारोहण पर्वात, नरकातून भाऊ व द्रौपदी यांचे आवाज कानी आल्यावर आपण येथेच राहणार असे सांगतो. वाटेत जे थांबणे राहून गेले ते कथेने त्याच्याकडून शेवटी करवून घेतले, असा याचा अर्थ लावला तर तो ओढूनताणून लावलेला म्हणता येणार नाही.

फाहियानची कथा अजून संपलेली नाही. श्रावस्तीच्या जेतवनात तो व दाओझेंग पोहोचले तेव्हा किती निघालो होतो आणि किती उरलो या विचाराने दोघांना गहिवरून आले. पाटलीपुत्रात फाहियान तीन वर्षे राहिला, संस्कृत शिकला, विनयग्रंथ उतरवून घेतले. तेथील भिक्षूंचे शिस्तबद्ध आचरण पाहून दाओझेंगने मात्र परत न जाण्याचा निश्चय केला. रुग्णासाठी थांबलेला दाओझेंग कायमचा थांबला, आणि फाहियान एकटा निघाला. याला सोबत मोडणे म्हणावे काय? तसे वाटत नाही. फाहियान धडधाकट होता, त्याचे काम ठरलेले होते, आणि दाओझेंगची वाट तेथे संपली होती. अडचणीत असलेल्याला सोडणे आणि समर्थ असलेल्याचा निरोप घेणे या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत.

एकटेपण त्याला पुढे सिंहलद्वीपात जाणवले. अनुराधापूरच्या अभयगिरी विहारात एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा त्याला दिसला आणि त्याचे डोळे भरून आले. चीनकडे जाणाऱ्या जहाजावर तर जिवावरच बेतले. वादळ उठताच, या श्रमणामुळे हे संकट आले, त्याला एखाद्या बेटावर सोडून द्यावे, असे काही ब्राह्मण प्रवाशांनी ठरविले. त्या वेळी फाहियानचा दानपती, म्हणजे त्याच्या प्रवासाचा भार वाहणारा दाता, उभा राहिला. त्याला उतरविणार असाल तर मलाही उतरवा अथवा मारून टाका, नाहीतर चीनला पोहोचताच राजाला सारे सांगेन, असे त्याने बजावले. त्यामुळे फाहियान ४१२ साली शान्तुंगच्या किनाऱ्यावर पोहोचला आणि ग्रंथही वाचले. त्या दात्याचे नाव फाहियानने दिलेले नाही. दान म्हणजे वाटखर्चाची रक्कम मोजून देणे, एवढ्यावर तो थांबला असता तर विनयग्रंथ समुद्रात गेले असते.

घरी राहिलेल्यांचा वाटा हा प्रश्न मात्र अजून शिल्लक राहतो, कारण भिक्षूला संसार नसतो आणि गृहस्थाला असतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसमवेत उत्तरेकडे निघाले ते घरची विपन्नावस्था दूर करण्यासाठी. बंडाच्या धामधुमीत ते सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले. परतायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी वाचकाला परिचित आहे. द्रव्य फारसे उरले नाही, पण आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड त्यांनी घरापर्यंत आणली. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी खांद्यावर काही वाहून आणणे, ही त्या काळच्या गृहस्थाची उत्तम समज होती. आजच्या प्रवासात कावडीची जागा छायाचित्रांनी घेतली आहे. छायाचित्राला वजन नसते, ही त्यातली उणीव.

सवड केवळ श्रीमंतांना परवडते, असाही एक आक्षेप आहे. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर आषाढात दिसणारा शेतकरी त्याचे उत्तर आहे. पेरणी उरकून तो सुमारे तीन आठवडे काढतो, आणि दिंडीतील म्हाताऱ्या माणसाच्या पावलाला आपले पाऊल जुळवितो.

या साऱ्या विचाराची कसोटी आजही पाहावयाची असेल तर कैलास-मानसरोवराची वाट पाहावी. भारत सरकारमार्फत १९८१ पासून सुरू असलेली ही यात्रा २०२० मध्ये खंडित झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची असून डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरहून अधिक उंच आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. शरीराला तिची सवय होण्यास दिवस लागतात, आणि ते दिवस कोणी कितीही द्रव्य मोजले तरी विकत मिळत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे गिर्यारोहण-वैद्यकातील जाणकार सांगतात. डोंगराच्या या नियमामुळे तरुणालाही आपली चाल आवरावी लागते.

तरीही एखाद्याला त्रास होतोच. डोके असह्य दुखू लागते, तोल जातो, बसल्या जागी धाप लागते. औषध व प्राणवायू यांनी तात्पुरता आधार मिळतो, पण अशा वेळी खरा उपाय एकच, विलंब न लावता खाली उतरणे. आणि अशा माणसाला एकट्याने उतरू देता येत नाही. म्हणजे कैलास समोर दिसत असताना, आयुष्यभराची इच्छा दोन दिवसांच्या अंतरावर असताना, दुसऱ्या कोणालातरी त्याच्याबरोबर मागे फिरावे लागते. तेथे, थकलेल्या शरीराने व विरळ हवेत, हा निर्णय नीट होत नाही. कोणी रुसतो, कोणी गप्प बसतो, आणि रुग्ण स्वतःच, आपल्यामुळे दुसऱ्याचे पुण्य बुडू नये म्हणून, बरे वाटत असल्याचे खोटे सांगतो. म्हणून अनुभवी गट हा प्रश्न घर सोडण्यापूर्वीच, सर्वजण एकत्र बसलेले असताना काढतात. कोणासोबत कोण उतरणार याच्या जोड्या ठरवितात, आणि परतीच्या तिकिटापूर्वी काही दिवस मोकळे ठेवतात.