साक्षात्काराचा जमाखर्च

थोरामोठ्यांना साक्षात्कार झाले त्या जागा पाहिल्या, की आम्हा उपनगरवासीयांचं नशीब किती तोकडं आहे ते कळतं. बुद्धाला पिंपळाखाली बसायला मिळालं. आमच्या सोसायटीतल्या एकुलत्या एक पिंपळाखाली सेक्रेटरींची मोटार उभी असते. आर्किमिडीज टबात उतरला, पाणी बाहेर सांडलं आणि त्याला सिद्धान्त सुचला. मुलुंडला पाणी सांडलं तर सिद्धान्त सुचत नाही, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येतात. त्यातून मी तसाच ओलेत्याने 'युरेका' ओरडत जिना उतरलो, तर माझं नाव इतिहासात नव्हे, नोटीस बोर्डावर लागेल. न्यूटनचं तर विचारूच नका. त्याच्यासमोर सफरचंद पडलं. आमच्याकडे झाडावरून पडतो तो नारळ. त्यानंतर गुरुत्वाकर्षणाचा विचार करायला माणूस शिल्लक राहीलच, याची हमी कोण देणार?

त्या मानाने आपल्या मराठी संतांचे साक्षात्कार अगदी घरगुती. समर्थ रामदासांचंच पाहा. बोहल्यावर उभे होते, भटजींनी 'सावधान' म्हटलं, आणि हा बारा वर्षांचा नवरामुलगा खरोखरच सावध होऊन पळाला, असं परंपरा सांगते. आता हा शब्द त्यांच्या एकट्याच्याच कानावर पडला असं थोडंच आहे? महाराष्ट्रात आजवर जेवढी लग्नं लागली तेवढ्या नवरदेवांनी तो ऐकला आहे. मीसुद्धा ऐकला आहे, लाउडस्पीकरवर ऐकला आहे. पण त्या क्षणी माझं सगळं लक्ष डोक्यावरून डोळ्यांत उतरणाऱ्या अक्षतांकडे होतं. मग प्रश्न असा पडतो, की शब्द तोच, मुहूर्त तोच, अंतरपाटही तोच. एकाची दृष्टी बदलते आणि बाकीचे जेवायला बसतात, हे कसं?

मी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे तत्त्वज्ञानाचा माझा अधिकार शून्य. पण या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते हिशेबाच्या वहीतच, आणि तेही एका संताच्या. एकनाथ महाराज तरुणपणी देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहत आणि त्यांचा हिशेब लिहीत. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. नाथ दिवा लावून बसले. उत्तररात्री ती पै सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. गुरू जागे झाले. म्हणाले, अरे, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! ही कथा कीर्तनकार ज्या उत्साहाने सांगतात त्याच्या दुप्पट उत्साहाने मी ऐकतो. कारण साऱ्या संतमंडळींत हा एकच प्रसंग असा, की ज्यात आमच्या खात्याचा माणूस आहे. हल्ली एवढ्याशा फरकासाठी कोणी जागत नाही. संगणक तो परस्पर राउंड ऑफ करतो. त्या राउंड ऑफमध्ये रोज किती साक्षात्कार बुडत असतील, देव जाणे.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ती पै सापडली ती रात्रभर शोधणाऱ्याला. शेजारी घोरत पडलेल्या माणसाच्या पांघरुणावर ती आपण होऊन येऊन पडली नाही.

बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. नावावरून वाटतं तसं त्यात काही रहस्यमय नसतं. एखादी रक्कम येते, पण ती कोणाची, कशाची, हे कळत नाही. परत पाठवता येत नाही, कोणाच्या नावावर टाकता येत नाही. मग ती सस्पेन्समध्ये ठेवायची. महिने जातात. एक दिवस कुठल्या तरी फायलीतून एक चिठोरं बाहेर पडतं, आणि लख्ख उजेड पडतो, की अरे, ही तर त्यांची रक्कम! बघणाऱ्याला वाटतं, चिठोऱ्याने चमत्कार केला. चिठोऱ्याने काही केलेलं नसतं. रक्कम आधीपासून पडून होती. माझी समजूत अशी, की माणसाच्या मनातही असं एक खातं असतं. न जुळलेल्या नोंदी त्यात वर्षानुवर्षं साठतात. मग कुठे भटजी 'सावधान' म्हणतात, कुठे पै सापडते, आणि नोंद जुळते. आम्हा बाकीच्यांना तेच चिठोरं मिळालं तर आम्ही त्यावर भाजीचा हिशेब लिहितो.

हा सिद्धान्त मी एकदा गाडीत मांडला. आमच्या डब्यात एक वकील आहेत. भांडुपला चढतात आणि घाटकोपरपर्यंत कोणाचाही कोणताही सिद्धान्त फेटाळून लावतात. त्यांनी माझं म्हणणं कांजूरमार्गपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे क्षणाने माणूस बदलतो म्हणता?"

"नोंद तयार असेल तर बदलतो."

"अहो, असं असतं तर या लाइनीवर रोज सकाळी लाखो संत उतरले असते. सव्वीस जुलैला काय झालं आठवतं ना? आणि नंतर काय झालं?"

आता सव्वीस जुलै म्हटलं, की मुंबईकराला साल सांगावं लागत नाही, तरी रिवाज म्हणून सांगतो, 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. मी बँकेत नवीन होतो, शाखा दादरला. वीस-बावीस किलोमीटर चालत मुलुंड गाठायचं होतं. शीव ओलांडल्यावर पाणी कमरेपर्यंत आलं आणि पुढचं काही दिसेना. तेव्हा कोणीतरी माझा हात धरला, मी दुसऱ्या कोणाचा धरला, आणि पन्नास-साठ माणसांची एक साखळी तयार झाली. उघडं गटार कुठे आहे ते पुढचा ओरडून सांगायचा आणि निरोप मागे मागे जायचा. माझ्या उजव्या हातात कोणाचा हात होता, हे मला आजही माहीत नाही. अंधारात चेहरा दिसला नाही. रस्त्याकडेच्या चाळींतून बायका चहाची पातेली घेऊन उभ्या होत्या, आणि आत या, थांबा, असा आग्रह करत होत्या. ज्या शहरात शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसाचं नाव त्याच्या पाटीवरून कळतं, त्या शहरात अनोळखी माणसं अनोळखी माणसांच्या घरी निजली. साऱ्या उपनगरांना एकाच रात्री सामुदायिक साक्षात्कार झाला, की आपण सगळे एकमेकांचे कोणीतरी आहोत.

आणि गाड्या सुरळीत सुरू झाल्या त्या सकाळी?

"जरा सरका की हो आत."

"कुठे सरकू? खिडकीबाहेर?"

वकीलसाहेबांनी विजयी मुद्रेने विक्रोळीला दुसरा पुरावा सादर केला. 2014 साली घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि जी वस्ती आम्ही आजवर खालून, नाकाला रुमाल लावून पाहत होतो, ती वरून, वातानुकूलित डब्यातून दिसू लागली. असल्फ्याच्या डोंगरावरच्या घरांच्या भिंती 2017 साली स्वयंसेवकांनी आणि तिथल्या रहिवाशांनी निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या. तेव्हा सारा डबा खिडकीशी गोळा होऊन फोटो काढू लागला. लोकांनी त्या डोंगराला इटलीतल्या गावांची उपमा दिली. "दृष्टी बदलली म्हणे!" वकील म्हणाले, "किती वेळ? जागृतीनगर येईपर्यंत. घाटकोपरला उतरलं, की पुलावरच्या गर्दीत पाय ठेवायला जागा शोधायची का डोंगरातली माणसं आठवायची? रंग भिंतीला लागला होता साहेब, बघणाऱ्याला नाही." एवढं बोलून ते उतरले. वकिलांचं हे बरं असतं. स्टेशन आलं, की युक्तिवाद संपतो आणि निकाल आपल्याच बाजूने लागला असं धरून चालता येतं.

पण मला त्यांचं म्हणणं सोडेना. मी मग संतचरित्राकडेच परत गेलो. तेव्हा लक्षात आलं, की आपण टाळीची गोष्ट सांगतो आणि तिथेच प्रसाद वाटून घरी जातो. टाळीनंतरचं चरित्र केवढं तरी मोठं आहे. याच नाथांनी पुढे रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं गंगेचं पाणी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर कडेवर घेतलं. रामदास मांडवातून पळाले ते एका क्षणात, पण नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षं तप केलं म्हणतात. गांधींना 1893 साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं. एका खटल्यासाठी वर्षभराकरिता गेलेला बॅरिस्टर त्यानंतर मधल्या फेऱ्या धरून 1914 पर्यंत तिथे झुंजत राहिला. पहिल्या वर्गातून माणसं आमच्या लाइनीवरही रोज बाहेर फेकली जातात. ती पुढची गाडी पकडतात, एवढाच फरक.

म्हणजे व्हाउचर सापडणं निराळं आणि पोस्टिंग होणं निराळं. सापडलेलं व्हाउचर दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात चढलं नाही, तर ते सापडलंच नव्हतं असं ऑडिटर समजतो. दृष्टी बदलली की नाही हे त्या क्षणाला विचारून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशीच्या सकाळला विचारायचं.

हे सगळं सुचण्याचं कारणही सांगून टाकतो. नोव्हेंबर महिना बँकेत हयातीच्या दाखल्यांचा. पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला रांगेत उभी असतात. काही तास उभे राहून जे सिद्ध होतं, ते यंत्रावर बोट टेकवून पुन्हा सिद्ध करावं लागतं. 2014 पासून ही बोटाची सोय झाली आहे. गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याची फॅमिली पेन्शन. मी त्यांचं बोट यंत्रावर ठेवलं. यंत्र म्हणालं, जुळत नाही. अंगठा ठेवला. जुळत नाही. दहाही बोटं झाली. आजींचा काही दोष असल्यासारखं यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं.

"आजी, हात पुसा जरा."

"पुसून काय हुनार, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "चाळीस वर्सं चार घरची भांडी घासली. रेघा ऱ्हायल्यात कुठं? राखंनं खाल्ल्या निम्म्या, पावडरीनं निम्म्या."

मी बोटं हातात घेऊन पाहिली. खरंच, जुन्या नाण्यासारखी गुळगुळीत झाली होती. ज्या कामामुळे ही बाई जगली, त्याच कामाने ती जगल्याचा पुरावा पुसून टाकला होता. मागच्या रांगेतून "लवकर आवरा" असा आवाज आला. मी कागदी फॉर्म काढला, भरला, साहेबांची सही आणली. बँकेच्या दृष्टीने आजी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत झाल्या.

संध्याकाळी हे मी घरी मोठ्या भावनेने सांगितलं. सांगताना माझा आवाजही थोडा भरून आला असावा. सौ. ओट्याशी उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, नळ बंद केला, पदराला हात पुसला आणि काही न बोलता उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला.

"हा लागतो का बघा तुमच्या मशीनला."

या एका वाक्यावर मी अजून भाष्य लिहू शकलेलो नाही. मात्र पोस्टिंग केलं आहे. त्या दिवसापासून रात्रीची भांडी माझ्याकडे असतात. सौ. ती सकाळी पुन्हा एकदा विसळते हा भाग वेगळा. आमच्याकडेही मेकर-चेकर पद्धत आहे असं मी त्याकडे पाहतो. माझ्या बोटांच्या रेघा अजून शाबूत आहेत, म्हणजे नोंद चढली तरी बाकी बरीच शिल्लक आहे.

वकीलसाहेबांना ही हकिगत मी गाडीत सांगितली. पावसाळ्याचे दिवस होते, गाडी नाहूर आणि भांडुपच्या मध्ये तासभर खोळंबली होती आणि तेही त्या दिवशी मुलुंडहूनच चढलेले होते. ते नेहमीप्रमाणे फेटाळायला तोंड उघडणार, तोच खिडकीजवळ उभी असलेली एक कॉलेजची मुलगी घेरी येऊन खाली बसली. वकिलांनी पटकन आपली बॅग उघडली. तीत कज्जेदलालीचे कागद असतील अशी माझी समजूत. वर होता पार्ले-जीचा मोठा पुडा, पाण्याच्या दोन बाटल्या, मेणबत्ती, काडेपेटी आणि जाड सुतळीचं एक भेंडोळं.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही हो," मुलीला पाणी देत ते जरा ओशाळून म्हणाले, "पावसाळ्यात असू द्यावं. 2005 पासून सवय लागली आहे. कधी कोणाला लागेल, सांगता येतं का?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिलो. गाडी सुटली.