अरण्यातील सहजीवन

ताडोबाच्या परिसरातील साध्या कुटीत दोन दिवस विसावणाऱ्या दांपत्याला लाभणारी शांतता मोलाची असली, तरी सहजीवनाचा, म्हणजे समान ध्येयाने एकत्र जगण्याचा, अधिक खोल अर्थ भामरागडजवळच्या हेमलकशात उलगडतो. १९७०च्या दशकात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे नवविवाहित दांपत्य तेथे झोपडीत राहू लागले, आणि विजेवाचूनच्या त्या रानात त्यांनी माडिया, म्हणजे गोंड समूहातील एका आदिवासी समाजाची, भाषा शिकून रुग्णांचा विश्वास संपादन केला. या सेवेसाठी २००८ साली दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एकांत पती-पत्नींना जवळ आणतो. परंतु त्यात शेजाऱ्याच्या दुःखालाही जागा दिली, तर ते नाते अधिक समर्थ होते, हे ध्यानी घेऊन आजच्या दिवसाचा आरंभ करावा.