बावन्न शब्दांचा जिल्हा

आठवड्याला एकच शब्द घ्यायचा आणि सात दिवस त्या शब्दाला धरून फोटो काढायचे, हा छंद जगभरच्या हौशी छायाचित्रकारांत चांगला रुळला आहे. जर्मनीत कोणी ‘पूल’ हा शब्द घेऊन ऱ्हाईनच्या काठाने हिंडत असेल, कोणी ‘धुकं’ घेऊन जंगलात. आपल्या कवींना ही रीत नवी नाही. समस्यापूर्तीत चरण दुसऱ्याने द्यायचा आणि श्लोक आपण पुरा करायचा. शब्द घेऊन फोटो काढण्याचा हा खेळ परभणी जिल्ह्यात खेळला जावा, असं मला मनापासून वाटतं.

परभणीत फोटो काढण्यासारखं आहेच काय, असं इथलीच माणसं विचारतात. मग चारठाण्याची मंदिरं, नेमगिरीची लेणी, धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, गंगाखेडचा गोदाकाठ अशी यादी होते आणि लवकरच संपते. त्याऐवजी ‘सावली’ घ्या. मेच्या मध्याला इथे सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. रुमाल बांधलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. एरवी अशा उन्हात फोटो बिघडला म्हणतात. शब्दच सावली असला की तोच अंधार कामाचा होतो, आणि बसस्टँडवरच्या लिंबाखाली सावलीबरोबर सरकत जाणारी माणसं पहिल्यांदा नीट दिसतात.

‘पांढरा’ शब्द नोव्हेंबरात घ्यावा आणि मानवतच्या कापूस बाजारात जावं. तिथे एक गंमत कळते. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. त्यामुळे कापसाचा ढीग मळकट येतो आणि शेतातली काळी जमीन फिकी, राखेसारखी. कापसासाठी उजेड मुद्दाम वाढवावा लागतो, मातीसाठी उतरवावा लागतो. मोबाइलवर काचेला बोट लावून वरखाली सरकवलं तरी जमतं. यंत्राच्या सरासरीत या जिल्ह्याचे दोन मुख्य रंग बसतच नाहीत. ते हाताने दुरुस्त करावे लागतात.

बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांनी मराठवाड्याला वर्षानुवर्षं एकच शब्द दिला: दुष्काळ. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, कपाळाला लावलेला हात. ते फोटो खोटे नव्हते. 1972 चा दुष्काळ भयंकर होता, आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ती चित्रं देशापुढे यायलाच हवी होती. पण त्याच 1972 मध्ये, 18 मे रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आणि पुढे तिथूनच केवडा रोगाला सहजी दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी शेतकऱ्यांच्या हाती आली. याच विद्यापीठाच्या तापमापकावर काही हिवाळ्यांत कडक थंडीची नोंद होते. सप्टेंबर 2025 मध्ये तर मराठवाड्यातली गोदाकाठची शेतं पुराच्या पाण्याखाली होती. एका शब्दात हे मावत नाही. कपाळाला हात लावून बसलेला माणूस तासाभराने उठतो, बैलाला वैरण टाकतो, नातवाला हाक मारतो. पण तोवर फोटोवाला निघून गेलेला असतो.

एकच विषय पुन्हापुन्हा घेतला तरी त्यातलं वेगळेपण दाखवता येतं. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने 1959 पासून कित्येक वर्षं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो काढले. ढगाळ, सपाट उजेड, समोरून धरलेली चौकट, आसपास माणूस नाही. पन्नास टाक्या शेजारी मांडल्या की प्रत्येकीचा चेहरा वेगळा दिसायला लागतो. परभणीतल्या गावोगावच्या टाक्या अशाच टिपता येतील. सपाट उजेड आषाढ-श्रावणात इथेही मिळतो. फक्त मी माणसं वगळणार नाही. टाकी भरली की नाही हे बघायला वर चढलेला पोऱ्या त्या फोटोत हवाच.

शब्द द्यायचा कोणी, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तयार याद्यांत ‘निऑन’ असतं, ‘गगनचुंबी’ असतं. जिंतूर-सेलूच्या पोराने त्यांच्यामागे का धावावं? इथे वाफसा आहे, झड आहे, वेचणी आहे, आखाडा आहे, धुरा आहे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नुसत्या जमिनीकडे बघून टिपता येत नाही. शेतकरी मूठभर माती उचलून दाबतो, मूठ उघडतो. ढेकूळ चिकट राहिलं तर पेरणी थांबते. बोटाच्या धक्क्याने भुरभुरलं तर तिफण निघते. फोटो त्या उघडलेल्या मुठीचा.

कापूस वेचणाऱ्या बाईलाही शब्द मागावा. ‘पांढरा’ हा आपला शब्द झाला. ती कदाचित ‘बोटं’ म्हणेल, कारण बोंडाची वाळलेली टोकं दिवसभर तिच्या बोटांना टोचत असतात. मग कॅमेरा कापसावरून हलवून तिच्या नखांजवळ न्यावा लागेल, तोही तिला विचारून. फोटो कागदावर छापून तिला नेऊन द्यावा आणि पुढच्या आठवड्याचा शब्दही तिच्याकडूनच घ्यावा.