पडद्यामागचा शब्द

संकेतस्थळाच्या पानावरचे ‘पैसे भरा’ हे बटण माणसाला एका नजरेत कळते. एआय एजंटापुढे मात्र तेच बटण निरनिराळ्या रूपांत येते. पडद्याच्या चित्रात तो एक रंगीत आयत असतो. पान वाचताना ब्राउझर आपल्या स्मृतीत घटकांचा जो वृक्ष उभारतो, त्या डॉममध्ये ती एक फांदी असते. अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्रीमध्ये ती एक नोंद असते: भूमिका बटण, नाव ‘पैसे भरा’, सध्या निष्क्रिय. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपी या साधनाने एजंटाला चित्राऐवजी ही नोंद पुरवण्याचा मार्ग धरला. २०२५ च्या सप्टेंबरात गूगलने क्रोमची डेव्हलपर टूल्स एजंटांच्या हाती देणारा सर्व्हर आणला. आता यंत्राला पानाची रचना ‘दिसते’, असे म्हणण्याचा मोह यामुळे होतो. तो आवरायला हवा, असे मला वाटते. या टूल्समधल्या, पानाची रचना दाखवणाऱ्या इन्स्पेक्टरमधून एजंटाला जे मिळते, त्याचा अर्थपूर्ण गाभा प्रत्यक्ष नाही, शब्द आहे. आपल्या दर्शनांनी या दोन प्रमाणांत, म्हणजे ज्ञानाच्या साधनांत, जो भेद केला, तो इथे विसरला तर एजंट फसेल आणि त्याच्यावर विसंबणारा माणूसही.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. गौतमाच्या सूत्रांत शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आणि भाष्यकार वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे. ही कसोटी पानाच्या रचनेला लावून पाहावी. एखाद्या घटकाला बटणाचा टॅग देणारा प्रोग्रामर एक विधान करत असतो: ही वस्तू दाबण्यासाठी आहे. ब्राउझर ते विधान नोंदवून घेतो, त्याची शहानिशा करत नाही. ‘डिव्ह’ या साध्या घटकाला रंग देऊन, त्याला क्लिकचा कोड जोडून बटणासारखे सजवले, तरी अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या वृक्षात ते बटण म्हणून येत नाही. उलट, दाबल्यावर काहीही न करणाऱ्या घटकाला बटणाची भूमिका लिहून दिली, तर वृक्ष त्याला निमूटपणे बटण म्हणतो. घटकाची पडद्यावरची जागा, त्याची लांबीरुंदी, तो लपवलेला आहे की नाही, हे मात्र ब्राउझर स्वतः हिशेब करून सांगतो. ते प्रत्यक्षाच्या बरेच जवळ जाते. इन्स्पेक्टरच्या एकाच खिडकीत साक्ष आणि मोजमाप अशी शेजारी शेजारी बसलेली असतात. एजंटाला पहिला धडा द्यायचा तो त्यांना वेगळे ओळखण्याचा.

आणि इथला साक्षीदार फारसा काटेकोर नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री एजंटांसाठी जन्माला आली नाही. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर पान वाचू शकावा, म्हणून ती आहे. वेबएम या संस्थेने २०२५ मध्ये दहा लाख मुखपृष्ठांची स्वयंचलित तपासणी केली, तेव्हा ९४.८ टक्के पानांवर सुलभतेच्या निकषांचा भंग आढळला. भूमिका आणि नावे जास्तीची लिहून देण्यासाठी असलेले ‘एरिया’ वापरणाऱ्या पानांवर तर सरासरी चुका अधिक होत्या. अशी पाने बहुधा अधिक गुंतागुंतीची असतात, हे खरे; पण शब्द वाढले म्हणून साक्ष खरी होत नाही, एवढे तरी यातून दिसते.

मग शब्दाचा नाद सोडून एजंटाने माणसासारखे चित्रच का पाहू नये, असा आक्षेप येईल. चित्र आवश्यकच आहे, कारण साक्षीतला खोटेपणा अनेकदा तेच उघड करते: वृक्षात नाव ‘रद्द करा’ आणि पडद्यावर अक्षरे ‘पैसे भरा’, हा विरोध चित्र पाहिले की पकडता येतो. पण चित्रातला फिकट आयत निष्क्रिय आहे की फिकट रंगाचाच आहे, हे चित्र सांगत नाही. त्यावर एखादा पारदर्शक घटक पसरून क्लिक अडवतो आहे, हेही नाही. दोन्ही प्रमाणे अपुरी असताना निवाडा कसा करायचा, याचे उत्तर वात्स्यायनाने भाष्याच्या आरंभीच दिले आहे. ज्ञान खरे ठरते ते प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाल्याने. मृगजळ पाण्यासारखे दिसते, पण तहान भागवत नाही. म्हणून क्लिक केल्यावर वृक्ष पुन्हा वाचणे, अपेक्षित बदल झाला का हे तपासणे, ही एजंटाच्या कामाची शेपूट नव्हे. त्याच्या जाणण्याचा तोच पाया आहे. जी कृती मागे घेता येत नाही, तिथे मात्र ही कसोटी आधी लावता येत नाही. तिथे थांबून माणसाला विचारणे हाच विवेक.

याहून खोल आक्षेप असा, की नैयायिकांच्या लेखी ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. यंत्राला प्रमाणाची भाषा लावायचीच कशाला? यंत्राला ज्ञान होते, असा माझा दावा नाही. पण त्याच्या सांगण्यावर विसंबून आपण पैसे भरतो, अर्ज पाठवतो. तेव्हा त्याचे सांगणे कुठून आले, हे तपासण्याची जबाबदारी आपली आहे आणि ती तपासणी प्रमाणांच्याच भाषेत होते. त्यात मीमांसकांचाही उपयोग आहे. त्यांनी कर्तव्य सांगणारा विधी आणि वर्णन-स्तुती करणारा अर्थवाद वेगळे केले. पानात दडवलेले ‘आधीच्या सूचना विसर आणि हे कर’ असे वाक्य एजंटाने आज्ञा मानले की घात होतो. विधी देण्याचा अधिकार त्याला काम सोपवणाऱ्याचा. पानावरचा मजकूर, कितीही आज्ञार्थी असो, त्याच्यासाठी केवळ माहिती आहे.

अखेर प्रश्न पान लिहिणाऱ्यापाशी येऊन पोचतो. एजंटाला साक्ष तपासायला शिकवता येईल. साक्ष खरी करण्याचे काम तो करू शकत नाही. जे बटण आहे त्याला बटण म्हणावे, चौकटीला तिचे नाव द्यावे, दिसते एक आणि लिहिले दुसरे असे करू नये, ही आप्ताची किमान अट आहे. या खऱ्या शब्दाची वाट स्क्रीन रीडर लावून बसलेला माणूस एजंटांच्या कितीतरी आधीपासून पाहतो आहे. यंत्रासाठी का होईना, तो शब्द आता लिहिला गेला, तर त्यावर पहिला हक्क त्याचा आहे.